बेवारस जहाजांवरचे भयपट : भूत दिसण्याआधीचा अर्धा तास

रातकिडा

बेवारस जहाजावर घडणारे भयपट हा माझा अत्यंत आवडता प्रकार. त्यावर सविस्तर बोलता यावं म्हणून हा धागा काढते आहे. खाली कथानकं उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना चित्रपट कोऱ्या मनानं बघायचे आहेत त्यांनी जपून वाचा.

या चित्रपटांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. वादळ किंवा अपघात होतो, पाच-सहा माणसं कशीबशी तगून राहतात, समोर एक अवाढव्य जहाज येतं. हाकेला ओ येत नाही. कोणीतरी शिडीला लोंबकळत वर चढतं. तिथपासून भूत दिसेपर्यंत जो अर्धा तास जातो, त्याच्यासाठी मी हे सगळे चित्रपट बघते. वाड्यातल्या भुताच्या गोष्टीत 'इथे कोण आहे' हा प्रश्न असतो. जहाजावर पाय ठेवला की पहिला प्रश्न पडतो तो 'इथली माणसं गेली कुठे' हा. चहूकडे पाणी असताना माणूस धडधाकट जहाज सोडून समुद्रात कधी उतरेल? आत थांबणं त्याहून भयंकर असेल तेव्हाच. हे एकदा डोक्यात शिरलं की नुसती रिकामी खुर्ची दाखवली तरी पाचावर धारण बसते.

माझी तक्रार अशी की बहुतेक दिग्दर्शक हा प्रश्न अर्ध्यावरच सोडून देतात. 'घोस्ट शिप' (२००२) घ्या. पहिला प्रसंग ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरू शकत नाहीत. १९६२ साल, 'अँटोनिया ग्राझा' नावाचं इटालियन प्रवासी जहाज, डेकवर जोडपी नाचताहेत, गुलाबी वळणदार अक्षरांत चित्रपटाचं नाव झळकतं, गोड गाणं चालू आहे. आणि ताणलेली पोलादी तार सुटून सगळ्या नाचणाऱ्यांमधून आरपार जाते. त्यानंतरचे काही क्षण दिग्दर्शक स्टीव्ह बेकनं असे लांबवले आहेत की श्वास अडकतो. सगळे जिथल्या तिथे उभे. कोणालाच कळलेलं नाही काय झालंय. मग एकेक जण कोसळू लागतो. लहानगी केटी वाचते, कारण तार तिच्या डोक्यावरून गेलेली असते.

पुढे चाळीस वर्षांनी बेरिंग समुद्रात टगवरच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवरच्या, मंडळींना हे जहाज सापडतं. त्यांच्या शोधाशोधीत एक डिजिटल घड्याळ हाती लागतं. १९६२ साली हरवलेल्या जहाजावर डिजिटल घड्याळ! म्हणजे मधल्या काळात इथे आणखी कोणीतरी येऊन गेलंय, आणि तेही आता नाहीत. काही न दाखवता, एका फुटकळ वस्तूनं अंगावर काटा आणला आहे. पण इथून पुढे सोनं येतं, मोहात पाडणारी बाई येते, आणि शेवटी खलनायक आपण आत्मे कसे गोळा करतो ते स्वतःच्या तोंडानं समजावून सांगतो. तिथे माझी भीती पार उतरते.

तुमचे आवडते, नावडते, सगळे लिहा. जहाज समुद्रातलं हवं आणि ओसाड हवं, एवढीच अट.

जुनी_रीळ

उत्तम विषय. थोडं मागे जाऊ. ओसाड जहाजाची पडद्यावरची सगळी भाषा मला १९२२ च्या 'नोस्फेराटू'मध्ये तयार झालेली दिसते. दिग्दर्शक मुर्नाऊच्या त्या मूकपटात खलाशी एकेक करून आजारी पडून मरतात, उरलेला एक जण कुऱ्हाड घेऊन खाली होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, जातो, शवपेटी उघडते, आणि रक्तपिपासू काउंट गुडघेही न वाकवता ताठच्या ताठ उभा राहतो. तो खलाशी समुद्रात उडी टाकतो. कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. आणि मग ते जहाज, वर एकही जिवंत माणूस नसताना, गावाच्या बंदरात अलगद शिरतं. शंभर वर्षं होऊन गेली, पण या प्रवेशाइतकं अभद्र दृश्य मला दुसरं दिसलेलं नाही.

या प्रसंगाचं मूळ ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत आहे, आणि त्याच्याही मागे एक खरं जहाज आहे. 'दिमित्री' नावाचं रशियन गलबत ऑक्टोबर १८८५ मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी किनाऱ्यावर वादळात आपटलं. पाच वर्षांनी स्टोकर व्हिटबीला मुक्कामाला होता, तेव्हा त्यानं याची माहिती टिपून ठेवली. कादंबरीत त्याचं 'डिमिटर' झालं. २०२३ मध्ये आंद्रे ओव्रेडालनं कप्तानाच्या रोजनिशीच्या त्या एका प्रकरणावर 'द लास्ट व्हॉयेज ऑफ द डिमिटर' असा अख्खा चित्रपट काढला. जहाजाची बांधणी, लाकडाचा ओलसरपणा, अंधार, सगळं छान आहे. पण कादंबरीत ती पानं भेदक होतात ती कप्तानाला काहीच धड दिसत नाही म्हणून. चित्रपटात आपल्याला सगळं दिसतं.

रातकिडा, म्हणजे तुमच्या मुद्द्याला माझा अर्धा पाठिंबा. उरलेल्या अर्ध्यासाठी 'डेथ शिप' (१९८०) पुढे करतो. जॉर्ज केनेडी आणि रिचर्ड क्रेना. बुडालेल्या पर्यटक जहाजावरचे लोक एका काळ्या, गंजक्या मालवाहू बोटीवर चढतात. ती नाझींची छळबोट असते, आणि तिला अजून रक्त हवं असतं. चित्रपट म्हणून तो ओबडधोबड आहे, त्यातला रक्ताच्या शॉवरचा प्रसंग उगाच ताणलेला आहे. पण रिकाम्या इंजिनरूममध्ये दट्टे आपोआप वरखाली होतात, चाकं आपोआप फिरतात, ती दृश्यं बघा. तिथे भुताला चेहरा नाही. यंत्रच भूत आहे. 'घोस्ट शिप'च्या पोस्टरवर जहाजाच्या नाळेतून कवटी बाहेर येते, ती कल्पनाही या चित्रपटाच्या पोस्टरवरून सरळ उचललेली दिसते.

पाणकोंबडी

'भूत : पार्ट वन – द हाँटेड शिप' (२०२०) कोणी घेतला नाही अजून? विकी कौशल, दिग्दर्शक भानू प्रताप सिंग. समुद्रातून वाहत येऊन किनाऱ्याला लागलेल्या 'सी बर्ड' नावाच्या बेवारस जहाजाची गोष्ट. याचं बीज खऱ्या घटनेत आहे. जून २०११ मध्ये 'एमव्ही विस्डम' हे भंगारात काढलेलं जहाज अलंगला ओढून नेत असताना दोर तुटला आणि ते भरकटत जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. चित्रपटाचा पूर्वार्ध, जहाजाच्या पोटातले जिने आणि अंधारे बोळ, मला फार आवडले. उत्तरार्धात तेच झालं जे रातकिडा म्हणताहेत. पूर्वकथा, गुन्हेगार, मंत्र, सगळं ओळीनं.

खलाशी_दुसरा

मी मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात काम करतो, त्यामुळे या चित्रपटांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

चालू जहाजावर शांतता नसतेच. जनरेटर, पंप, हवा खेळवणारे पंखे, काही ना काही चोवीस तास घुमत असतं आणि आमचे कान त्याला इतके सरावलेले असतात की आवाज बंद झाला तर गाढ झोपलेला इंजिनिअरसुद्धा ताडकन उठून बसतो. वीज गेली आहे हे त्याला शांततेवरून कळतं. आता ओसाड जहाज डोळ्यांसमोर आणा. तो घुमणारा आवाज गेल्यावर त्याखाली दडलेले सगळे आवाज वर येतात. दिवसा तापलेला पत्रा रात्री आकसताना टणटण वाजतो. जहाज कललं की कडी न लावलेलं पोलादी दार आपटतं, पुन्हा कललं की पुन्हा आपटतं, अगदी तालात. तळाशी साचलेलं पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावतं, आणि वरच्या मजल्यावर उभं राहून ते ऐकलं तर खाली कोणीतरी फिरतंय असं शपथेवर सांगाल. चित्रपटवाले यावर पार्श्वसंगीत थोपतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला कुठल्याही भुतापेक्षा भयानक वाटते. लोखंडाला गंज चढतो तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन शोषतं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. बरेच दिवस बंद असलेल्या टाकीत किंवा कप्प्यात नुसत्या गंजण्यानं तो इतका घटतो की आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वास नाही, धूर नाही, घुसमट नाही. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? धडधाकट सोबती शिडी उतरला आणि एकदम पडला. मग त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. खऱ्या अपघातांत एकामागून एक असे बळी जातात, आणि त्यात सोडवायला गेलेल्यांचाच भरणा मोठा असतो. म्हणून २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेतून माणूस बाहेर काढण्याचा सराव करणं आंतरराष्ट्रीय नियमानं सक्तीचं आहे. आम्ही हवा मापल्याशिवाय आत डोकंसुद्धा घालत नाही. आणि चित्रपटातली मंडळी वर्षानुवर्षं बंद असलेल्या जहाजाचं झाकण उघडून विजेरी घेऊन सरळ खाली उतरतात! एखाद्या दिग्दर्शकानं हा प्रकार तसाच्या तसा दाखवला, कारण न सांगता, तर प्रेक्षक खुर्चीला खिळून राहील.

'घोस्ट शिप'मधल्या तारेबद्दल एक. इतक्या सफाईनं इतकी माणसं कापली जाणं ही चित्रपटाची अतिशयोक्ती आहे, पण भीती खरी आहे. जहाज धक्क्याला बांधताना दोरावर प्रचंड ताण असतो आणि तो तुटला तर उलटा फटकारतो. त्या फटक्यात माणसं गेली आहेत.

रातकिडा

खलाशी_दुसरा, शिडीवरून उतरून कोसळणाऱ्या माणसाचं तुमचं वर्णन दोनदा वाचलं. अगदी हेच हवंय मला. कारण न सांगितलेली घटना, आणि तिला स्वतःचं पक्कं कारण असणं. लेखकाला आतून ठाऊक असावं, पात्रांना नसावं.

तर्कट

माणसं गेली कुठे हा प्रश्न निघालाच आहे तर 'मेरी सेलेस्ट' या जहाजाबद्दल लिहायला हवं. या प्रकारातल्या बहुतेक कथांची ती आजी आहे आणि तिच्याबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते.

४ डिसेंबर १८७२ रोजी अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान 'देई ग्राशिया' या जहाजाला ती भरकटताना दिसली. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी, अशी दहाच्या दहा माणसं नाहीशी. माल म्हणजे अल्कोहोलची १,७०१ पिंपं. चढून गेलेल्या ऑलिव्हर डेव्होला होल्डमध्ये साडेतीन फूट पाणी मिळालं, एक पंप उघडून ठेवलेला मिळाला, पाण्याची खोली मोजायची सळई डेकवर पडलेली मिळाली. जहाजाची एकुलती होडी गायब. दिशा काढायची उपकरणं गायब. खलाशांचे कपडे आणि तंबाखूचे पाइप मात्र जागेवर. जहाजाच्या लॉगमधली, म्हणजे रोजनिशीतली, शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, म्हणजे नऊ दिवस आधीची.

टेबलावर वाफाळता चहा आणि अर्धवट खाल्लेली न्याहारी सापडली असं जे सांगतात ते खोटं आहे. असे रंग मागाहून चढले. १८८४ मध्ये कॉनन डॉयलनं यावर एक कथा लिहिली, जहाजाचं नावही बदलून 'मेरी'चं 'मारी' केलं, आणि लोक ती कथाच खरी समजू लागले. आजही चित्रपटांत ओसाड जहाजावर गरम जेवण दिसतं ते याच परंपरेतून.

मला खरा तपशील चहापेक्षा जास्त हादरवतो. उघडा पंप, सळई, नसलेली होडी. कोणीतरी पाणी मोजत होतं, मोजणीवर विश्वास बसत नव्हता, किंवा अल्कोहोलच्या वाफेनं स्फोट होईल असं वाटलं असेल. एका अनुभवी कप्तानानं बायको-मुलीला घेऊन होडीत उतरायचा निर्णय घेतला. आणि जहाज बुडालं नाही. ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेलं असावं. यावर १९३५ मध्ये अभिनेता बेला लुगोसीला घेऊन चित्रपट निघाला, भयपटांसाठी गाजलेल्या ब्रिटिश हॅमर कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत. पण त्यात सरळ एक खुनी घातला आहे. होडीतून लांब जाणारं आपलंच जहाज बघणारी माणसं अजून कोणीही नीट दाखवलेली नाहीत.

पाणकोंबडी

एक शंका. 'घोस्ट शिप'मधलं जहाज चाळीस वर्षं तरंगत राहतं. हे शक्य तरी आहे का?

तर्कट

जवळपास तसं घडलंय. हडसन्स बे या व्यापारी कंपनीचं 'बेचिमो' जहाज १९३१ मध्ये अलास्काजवळ बर्फात अडकलं, माणसांनी ते सोडून दिलं, आणि त्यानंतर ते अनेकांना अनेकदा दिसत राहिलं. काही जण वर चढूनही आले. शेवटचं दर्शन १९६९ चं. म्हणजे ३८ वर्षं.

१९५५ चं 'जोयिता' हे दुसरं उदाहरण. सामोआतल्या आपियाहून टोकेलाऊला निघालेली बोट, २५ माणसं. पाच आठवड्यांनी फिजीच्या उत्तरेला एका बाजूला कललेली सापडली, वर कोणीही नाही. बोटीला आतून बुचाच्या लाकडाचं अस्तर होतं, त्यामुळे ती सहजासहजी बुडणारच नव्हती. रेडिओ संकटाच्या वारंवारितेवर लावलेला होता, पण आतली वायर तुटलेली. तुटलेल्या जागेवर रंग चढलेला, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता. संदेश जेमतेम दोन मैलांपर्यंत गेला असता. डेकवर डॉक्टरची बॅग आणि रक्तानं भरलेल्या पट्ट्या. बोलत राहिलेल्या माणसाला आपलं कोणालाच ऐकू जात नाहीये हे कळलंच नसेल, यापुढे मला कुठलाही आत्मा फिका वाटतो.

आणि जाता जाता, 'सापडलं त्याचं जहाज' हा चित्रपटांतला नियम चुकीचा आहे. बेवारस जहाज वाचवून आणणाऱ्याला मोबदला मिळतो, मालकी मिळत नाही. 'मेरी सेलेस्ट' आणणाऱ्यांना जिब्राल्टरच्या न्यायालयानं सुमारे १,७०० पौंड दिले, एकूण किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. शिवाय खुनाचा संशय वाट्याला आला तो वेगळाच.

मृण्मयी

मी 'ट्रँगल' (२००९) साठी भांडायला आले आहे. रातकिडा म्हणतात उत्तर दिलं की भीती संपते. ख्रिस्तोफर स्मिथच्या या चित्रपटात उत्तर मध्यावरच मिळतं आणि भीती तिथून वाढत जाते.

उलटलेल्या नौकेवरची माणसं 'एओलस' नावाच्या रिकाम्या जहाजावर चढतात. जेसला, म्हणजे मेलिसा जॉर्जला, आपण इथे आधी येऊन गेलोय असं वाटत राहतं. लवकरच कळतं की जहाजावर आणखी कोणी नाही. ती स्वतःच आहे, अनेकदा. ग्रीक पुराणात एओलस हा सिसिफसचा बाप, तोच सिसिफस ज्याला दगड वर ढकलत राहण्याची शिक्षा आहे, आणि हे जहाजावरच्याच एका फलकावर लिहिलेलं असतं. लपवाछपवी काहीच नाही.

दोन जागा सांगते. जेस एक चिठ्ठी लिहिते, आणि तिला त्याच मजकुराच्या, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांचा ढीग सापडतो. तिचं लॉकेट जाळीतून खाली पडतं, आणि खाली तसल्याच लॉकेटांची रास असते. मग सॅली, जेसच्या सोबतच्या मंडळींपैकी एक. जखमी सॅली सरपटत डेकच्या एका कोपऱ्यात पोचते आणि तिथे तिच्याच प्रेतांचा खच पडलेला असतो, समुद्रपक्षी त्यावर बसलेले. त्या दृश्यात आवाज चढत नाही, कॅमेरा धावत नाही. ती बघते, आपण बघतो.

'माणसं गेली कुठे' याचं उत्तर इथे 'कुठेच नाही, सगळी इथेच साठलेली आहेत' असं मिळतं. मला हे उत्तर प्रश्नापेक्षा जास्त भयंकर वाटलं.

रातकिडा

मृण्मयी, 'ट्रँगल' मलाही फार आवडतो. पण त्यात खलनायकाला कारण देत बसलेले नाहीत याकडे बघा. हे सगळं कोण घडवतंय, का घडवतंय, हे चित्रपट थेट समजावून सांगत नाही. तो काय घडतंय ते सांगतो. कोणी घडवलं ते जहाजाजवळच राहतं. माझा आक्षेप दुसऱ्या प्रकारच्या उत्तराला आहे, ज्यात भूत कोर्टात उभं राहिल्यासारखं आपली बाजू मांडतं.

जुनी_रीळ

इथे माझा उरलेला अर्धा विरोध. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'द फॉग' (१९८०). त्यातल्या भुतांना नाव आहे, कारण आहे, तारीख आहे. शंभर वर्षांपूर्वी कुष्ठरोग्यांचं 'एलिझाबेथ डेन' हे जहाज सोन्यासाठी खोटी शेकोटी दाखवून खडकांवर आणलं गेलं. अन्याय झालाय म्हणून ते येताहेत. कारण काढून घेतलंत तर चित्रपटाचा कणाच मोडेल. प्रेक्षकाला भुतांची बाजू पटते आणि तरीही तो घाबरतो, हे दुहेरी ओझं कारणाशिवाय शक्य नव्हतं.

आणि तुम्हाला हवा तो अर्धा तासही त्यात आहे, छोट्या रूपात. 'सी ग्रास' ही मासेमारी बोट आदल्या रात्री धुक्यात हरवते. दुसऱ्या दिवशी सापडते तेव्हा आत सगळं असं गंजलेलं, जणू वर्षानुवर्षं समुद्राच्या तळाशी होती. प्रेत सापडतं ते बुडून मेलेल्या माणसाचं, आणि बोट तर पाण्यावर आहे. एका रात्रीत एवढा गंज! मणक्यातून थंडी जाते.

पाणकोंबडी

जपानी चित्रपट राहिले. 'मातांगो' (१९६३), दिग्दर्शक इशिरो होंडा. इंग्रज लेखक हॉजसनच्या १९०७ च्या कथेवर बेतलेला, आणि हॉजसन स्वतः खलाशी होता. भरकटलेल्या नौकेवरची मंडळी एका बेटावर पोचतात, किनाऱ्याला एक संशोधन-जहाज लागलेलं आहे, आतून बुरशीनं माखलेलं. अन्न आहे, उपकरणं आहेत, माणसं नाहीत. आणि एक गोष्ट कोणाच्या तरी लक्षात येते : अख्ख्या जहाजावर एकही आरसा उरलेला नाही. कोणीतरी सगळे काढून टाकलेत. का, ते पुढे कळतंच. तोवर डोकं भलभलत्या दिशांना धावतं.

'द लिव्हिंग स्केलेटन' (१९६८) कृष्णधवल आहे. जहाजावर कत्तल होते, आणि मेलेल्या बहिणीची जुळी बहीण किनाऱ्यावर राहते आहे. एक दिवस धुक्यात तेच जहाज परत दिसतं. शेवट विस्कटलाय, पाण्याखालचे सांगाडे आज खोटे वाटतात, पण किनाऱ्यावरून जहाज दिसण्याची दृश्यं फार सुंदर आहेत.

खलाशी_दुसरा

आरशांचा तपशील जबरदस्त आहे. केबिनमधला आरसा भिंतीला स्क्रूनं पक्का बसवलेला असतो, हलणाऱ्या जहाजावर तो टांगून चालत नाही. म्हणजे कोणीतरी हत्यार घेऊन केबिनमागून केबिन फिरलं आणि स्क्रू काढत गेलं. घाईत होत नाही ते काम. हा विचार आला आणि चित्रपट आज रात्रीच बघायचं ठरवलं.

मृण्मयी

रातकिडा, मग तुमच्या कसोटीला पूर्ण उतरणारा एखादा तरी आहे का?

रातकिडा

एक आहे. 'द बोट' (२०१८), माल्टाचा. विन्स्टन अझोपार्डी दिग्दर्शक, त्यांचा मुलगा जो हा जवळजवळ एकटाच पडद्यावर. मच्छीमार धुक्यात एका रिकाम्या शिडाच्या नौकेवर चढतो, वळून बघतो तर त्याची स्वतःची बोट नाही. मग नौकेचं शौचालय आतून उघडेनासं होतं आणि तो तिथे अडकतो. चित्रपटाचा भलामोठा भाग त्या हातभर जागेत घडतो : दाराला खांदा लावणं, वरच्या छोट्या झडपेतून हात बाहेर काढणं, बाहेर वारा फिरल्याचं नुसत्या आवाजावरून ओळखणं. संवाद जवळपास नाहीत. भूत नाही. दार कोणी लावलं हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि ते दार नुसतं अडकलं असण्याची शक्यताही दिग्दर्शकानं शाबूत ठेवली आहे.

जुनी_रीळ, 'द फॉग'बद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, तिथे अन्यायाचं कारण हवंच. पण ती भुतं किनाऱ्यावर, गावात येतात, आणि गावाला भूतकाळ असतो. भर समुद्रात सापडलेल्या जहाजाच्या बाबतीत मी माझं म्हणणं सोडत नाही. खलाशी_दुसरा, 'मातांगो' बघून झाला की जहाजाच्या आतली मांडणी कितपत खरी वाटली ते नक्की लिहा. आणि 'डेथ शिप'मधल्या इंजिनरूमबद्दलही तुमचं मत ऐकायचं आहे.